आजोबांचा अ‍ॅग्फा, स्टुडिओतला याशिका आणि रंगाचा डबा

प्रश्न : मी कळमेश्वरला राहतो, इथल्याच एमआयडीसीत नोकरी करतो. आजोबांच्या पेटीत अ‍ॅग्फा क्लिक-थ्री कॅमेरा सापडला. आषाढीला धापेवाड्याच्या यात्रेत ते त्यावर घरच्यांचे फोटो काढत, असं आई सांगते. दुसरा कॅमेरा याशिका ६३५. नागपुरातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथल्या सामानात तो मिळाला. त्याच्या रंगाचे पोपडे निघाले आहेत, वरचं चामडंही सुटलं आहे. दोन्ही कॅमेरे खोलून, रंगवून नव्यासारखे करावेत असं मनात आहे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भाग बुडवून जुना रंग काढतात, हे एका व्हिडिओत पाहिलं. घरी हे जमेल का? रंग कोणता वापरावा? रंगवल्यावर किंमत घटते म्हणतात, ते खरं का? सुटे भाग कुठून आणायचे? आणि एक राहिलं : अ‍ॅग्फाच्या पाठीवर जी लाल काच आहे, तिच्यातून ७ हा आकडा दिसतो. तो कशाचा?
— एक वाचक, कळमेश्वर

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ तुम्ही शेवटी लिहिली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. लाल काचेत ७ दिसतो याचा अर्थ आजोबांच्या कॅमेऱ्यात अजून रोल आहे आणि बहुधा त्यावर सहा-सात फोटो काढलेले आहेत. कॅमेऱ्याची पाठ उघडू नका. हे पत्र छापून तुमच्या हाती येईपर्यंत उघडली नसेल अशी आशा करतो.

क्लिक-थ्रीला १२० नंबरचा रोल लागतो. एका रोलवर सहा सेंटिमीटर लांब-रुंद असे बारा चौकोनी फोटो येतात. फिल्मच्या मागे कागदाची पट्टी असते आणि तिच्यावर आकडे छापलेले असतात. चावी फिरवत जायचं आणि खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं, एवढीच त्याची मोजदाद. या कॅमेऱ्यात रोल उलटा गुंडाळावा लागत नाही, एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जातो. त्यामुळे तो सुखरूप बाहेर काढणं सोपं आहे. लाल काचेवर काळी चिकटपट्टी लावा. खिडकी लाल ठेवण्याची पद्धत पडली ती सुरुवातीच्या फिल्मला लाल उजेड समजत नसे म्हणून. नंतरच्या फिल्मला तो समजतो. मग रात्री, दिवे मालवलेल्या खोलीत चावी अगदी सावकाश फिरवा. जुनी फिल्म कडक होते आणि घाई केली तर तुटते. आधी ताण लागेल, एका क्षणी हात सैल पडेल. त्यानंतरही पाच-सहा वळसे द्या, म्हणजे शेवटचा कागद पूर्ण गुंडाळला जाईल. अंधारातच पाठ उघडा, रोल काढा, कागदाचं टोक चिकटवा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. चावी मुळीच फिरत नसेल तर जोर करू नका. कॅमेरा आहे तसाच एखाद्या डार्करूमवाल्याकडे न्या.

इतक्या वर्षांनी त्यावर काय उरलं असेल? उजेड पडतो तेव्हा फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराच्या कणांत चांदीचे अतिसूक्ष्म ठिपके तयार होतात. रोल धुतल्यावर त्यांचीच प्रतिमा होते. न धुतलेल्या फिल्मवर हे ठिपके कित्येक दशकं टिकू शकतात. पण उष्णतेने बाकीचे कणही हळूहळू काळे पडू लागतात आणि सगळ्या फिल्मवर करडं धुकं चढतं. नागपूरकडच्या उन्हाळ्यांनी त्या पेटीतल्या रोलला सोडलेलं नसणार. तरीही तो धुवून पाहिलाच पाहिजे. घरी कृष्णधवल रोल धुणारी माणसं अजून आहेत, अशाच एखाद्याकडे द्या. रोल फार जुना आहे हे आधी सांगा. अशा रोलला धुकं कमी चढवणारं एचसी-११० सारखं रसायन बरेच जण पसंत करतात, पण साध्या डी-७६ मध्येही काम होतं. रोल रंगीत निघाला तरी तो कृष्णधवल रसायनातच धुवायला सांगा, कारण जुन्या फिल्मचे रंग बहुतेक गेलेले असतात आणि आकार मात्र उरलेले असू शकतात. डाग असतील, कागदावरचे आकडे फोटोत उमटलेले असतील. तेवढ्यातही एखादा चेहरा ओळखू आला तर धापेवाड्याच्या एका जुन्या आषाढीचा तो पुरावा तुमच्या घरात राहील. त्यामुळे बाकी सगळी डागडुजी या रोलनंतर.

आता रंगाकडे येतो. कॅमेरे दोन आहेत आणि माझी उत्तरंही दोन आहेत. आजोबांचा रंगवू नका. स्टुडिओतला जरूर रंगवा.

क्लिक-थ्री हा मूळ जर्मन अ‍ॅग्फाचा नमुना. आपल्याकडे तो बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई. त्याचाच भाऊ आयसोली, त्याच १२० च्या रोलवर चार सेंटिमीटरचे सोळा फोटो काढणारा. मध्यमवर्गीय मराठी घरांतला पहिला कॅमेरा पुष्कळदा या दोघांपैकीच एक असे. फोकस कायमचा ठरलेला, ऊन असेल तर सूर्याच्या खुणेवर आणि ढग असतील तर ढगाच्या खुणेवर काटी सरकवायची, बटण दाबायचं. त्याची बॉडी काळ्या प्लास्टिकची आहे. तो काळेपणा वरून दिलेला नाही, प्लास्टिकच्या अंगातच आहे. म्हणून त्याचा रंग उडत नाही, फक्त चमक जाते. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलंत तर प्लास्टिक विरघळेल, आणि वरून रंग मारलात तर काही महिन्यांत कडांवरून सुटू लागेल. मऊ कपडा किंचित साबणाच्या पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि पुसा. कोरडं झाल्यावर गाडीचं साधं पॉलिश बोटभर लावून घासा. भिंगावरची धूळ आधी रबरी फुग्याने उडवा, नंतरच पुसा. पुष्कळदा भिंगावरचे ओरखडे पुसताना पडतात, वापरताना नाही.

जुनी वस्तू हातात घेतली की मी एक गोष्ट तपासतो. तिची झीज थांबलेली आहे की अजून चालू आहे? चामड्याखाली पितळेवर चढलेला हिरवट कळंक चालू झीज आहे. तो पसरतो, चामडं फुगवतो, स्क्रू खातो. भिंगात शिरलेली बुरशी, लोखंडी स्प्रिंगवरचा गंज, दारांच्या खाचांतल्या फोमचा झालेला चिकट काळा लगदा, ही सगळी चालू झीज. इथे हात घालायलाच हवा, नाहीतर पाच-दहा वर्षांत वस्तूच राहणार नाही. उलट बोटं रोज टेकून गुळगुळीत झालेला कोपरा, पट्ट्याच्या कडीने उमटवलेली रेघ, किंवा रंग जाऊन दिसू लागलेलं पितळ, ही झीज माणूस वापरायचा थांबला तेव्हाच थांबली. तिच्याने कॅमेऱ्याचं काही बिघडत नाही. ती कोणाच्या हातांनी झाली हे तुम्हाला ठाऊक असेल तर तिला पुसून टाकण्याचं कारण मला दिसत नाही. आजोबांच्या कॅमेऱ्यावर जे आहे ते या दुसऱ्या प्रकारचं आहे.

किमतीचं म्हणाल तर संग्राहकांच्या जगात हाच नियम पैशांत दिसतो. लायका कंपनीचा शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा जून २०२२ मधल्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोला गेला. तो लायकाचा जनक ओस्कार बार्नाक याच्या स्वतःच्या वापरातला होता आणि झिजलेल्या रंगानिशीच विकला गेला. त्यावर कोणी चकचकीत काळा रंग मारला असता तर त्याचं मोल किती उरलं असतं याचा अंदाज तुम्हीच करा. ही ओढ इतकी वाढली की २०१५ साली लायकानेच नव्या कोऱ्या कॅमेऱ्याचा रंग हाताने घासून, आतलं पितळ दाखवून एक खास आवृत्ती विकायला काढली! मला ते पटत नाही. झीज विकत घेऊन काय करायचं? पण मूळ रंगाला किती मान आहे हे त्यावरून कळतं. तुमच्या याशिकाला मात्र ही भीती नाही. ६३५ हा १९५८ पासून निघालेला कामाचा कॅमेरा, हजारो स्टुडिओंनी वापरलेला. रंगाचे पोपडे सुटलेला, चामडं फाटलेला नमुना नीट दुरुस्त करून रंगवलात तर नुकसान काहीच नाही. पुढे कधी विकलात तर पुन्हा रंगवलेला आहे हे घेणाऱ्याला सांगा, म्हणजे झालं.

पण रंग सगळ्यांत शेवटी. नव्याने या छंदात पडणारा माणूस नेमकं उलट करतो. वरून देखणा आणि आतून मुका कॅमेरा कपाटात ठेवायला ठीक, पण हा कॅमेरा फोटो काढण्यासाठी बनवलेला आहे. ६३५ ला समोर दोन भिंगं असतात. वरच्यातून आपण पाहतो आणि खालच्यातून फोटो निघतो. खालच्या भिंगात कोपाल कंपनीचं शटर असतं, एक सेकंदापासून एक पाचशेंशापर्यंत. आधी एक पाचशेंश आणि एक सेकंद हे दोन्ही वेग चालवून पाहा. हळूवेगांवर शटर अडकत असेल तर तेल पातळ होऊन पात्यांवर उतरलं आहे आणि तिथे चिकट झालं आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद पेटीतल्या कॅमेऱ्याला हा आजार हटकून होतो. त्यावर तेल घालू नका. शटरची पाती कोरडीच चालायला हवीत. घड्याळजी ज्या स्वच्छ पेट्रोलने यंत्र धुतात त्याने पाती धुवावी लागतात आणि पहिल्यांदा ते काम एखाद्या जाणत्या घड्याळजीच्या शेजारी बसून करावं. सेल्फ-टायमरच्या काटीला तर हातच लावू नका. जुन्या शटरमध्ये ती अर्ध्यावर अडकली की अख्खं शटर अडकवून ठेवते.

वरची झाकणी उघडून आत बघाल तर आरसा दिसेल. त्याचा पारा घरातल्या आरशासारखा काचेच्या मागे नसतो, पुढच्या बाजूला असतो. कापडाने पुसलात तर पारा कापडावर येईल. धूळ फक्त फुंकून काढायची. आणखी एक सांगतो, पुढे रंगवताना त्याचा उपयोग आहे. ही दोन्ही भिंगं एका फळीवर बसवलेली असतात आणि वरच्यात जे स्पष्ट दिसतं तेच खालच्यातून फिल्मवर स्पष्ट उमटायला हवं. रंगासाठी ही पुढची फळी काढलीत तर परत बसवताना हा मेळ तपासावाच लागतो. फिल्म जिथे ताणून बसते त्या पट्ट्यांवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा, शटर उघडं ठेवा आणि दूरच्या विजेच्या खांबाकडे कॅमेरा रोखा. वर आणि खाली, दोन्हीकडे खांब एकाच वेळी रेखीव दिसायला हवा.

खोलताना घाई नको. प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. जपानी कॅमेऱ्यांच्या अधिक चिन्हाच्या स्क्रूचं डोकं आपल्या नेहमीच्या पेचकसाशी जुळत नाही. पेचकस सटकतो आणि डोकं खराब होतं. त्यासाठी जेआयएस खुणेचे पेचकस मिळतात, ते आधी घ्या. या छंदात पहिला खर्च तोच करावा असं माझं मत आहे.

आता जुना रंग काढण्याबद्दल, आणि इथे तुम्ही व्हिडिओत पाहिलं ते कृपा करून करू नका. याशिकाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव आहे. कॉस्टिक सोडा पितळेला फारसं काही करत नाही, पण अ‍ॅल्युमिनियमला खातो. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, पाणी तापतं, उसळतं आणि तासाभराने हाती खरबरीत, बारीक भोकं पडलेला भाग येतो. व्हिडिओतला कॅमेरा बहुधा पितळी झाकणांचा असेल. आधी प्रत्येक भागाचा धातू ओळखा. चुंबक चिकटलं तर लोखंडी पत्रा. नाही चिकटलं तर आतून, न दिसणाऱ्या जागी, थोडं खरवडून पाहा. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मिश्रधातू, आणि हे दोन्ही कॉस्टिकपासून दूर ठेवायचे.

बाजारातलं पेंट रिमूव्हर चालतं, पण ते उघड्यावर, हातमोजे घालून वापरायचं. काहींमध्ये असं द्रावण असतं की बंद खोलीत त्याची वाफ जिवावर बेतू शकते. छोट्या भागांना मला वॉटर पेपर आणि सबुरी जास्त आवडते. ४०० नंबरपासून सुरुवात करा, मग ८००, शेवटी १०००. नेहमी पाण्यासोबत घासा. जुन्या रंगांत शिसं असण्याचा संभव असतो आणि पाण्यामुळे त्याची धूळ उडत नाही. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. हे कॅमेरे त्याच्या कितीतरी आधीचे. अक्षरं कोरलेल्या जागी हात हलका ठेवा. जास्त घासलं तर कोरीव उथळ होतं आणि पुन्हा खोल करता येत नाही. चकचकीत क्रोमचा मुलामा असलेल्या भागांवर रंग धरत नाही. तो मुलामा घरी वीज लावून उतरवण्याचे उद्योग काही जण करतात. त्यातून क्रोमियमचं जे विषारी रूप पाण्यात आणि हवेत उतरतं ते कर्करोगकारक आहे. क्रोमचे भाग तसेच ठेवा. काळ्या कॅमेऱ्यावर ते शोभतातही.

रंग कसा द्यायचा, हे तर कळमेश्वरच्या माणसाला मी काय सांगावं! तुमच्या गावातल्या जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात पत्र्याच्या गुंडाळ्या उलगडून, रंगवून पुन्हा गुंडाळल्या जातात. तिथला क्रम साधारण असा असतो : पत्रा धुऊन तेल काढायचं, रसायनाने पृष्ठभाग तयार करायचा, प्रायमर, भट्टी, मग वरचा रंग, पुन्हा भट्टी. रंगाचा सगळा थर मिळून जेमतेम २०-२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा-पन्नासावा भाग. तरी तो छपरावर वर्षानुवर्षं ऊनपाऊस सोसतो, कारण खालची तयारी पक्की असते. तुमच्या टेबलावर क्रम अगदी हाच. घासून झालेला भाग साबणाने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटाने त्याला शिवू नका. बोटाचं तेल राहिलं की रंग तिथेच सुटतो. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ या गुळगुळीत धातूंना साधा प्रायमर धरत नाही. त्यांच्यासाठी धातूला चावून बसणारा एचिंग प्रायमर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो. त्यावर गाडीचाच काळा रंग, अर्धी चमक असलेला. डब्यातला स्प्रे चालतो. हार्डनर मिसळून मारायचे टू-के रंग जास्त टिकतात, पण त्यांची वाफ फुप्फुसांना घातक असते. ते रंगशाळेतल्या कारागिराकडूनच मारून घ्या.

थर पातळ द्या. पहिला थर मारल्यावर खालचा प्रायमर दिसत राहायला हवा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, तसाच तिसरा. एका थरात काळंभोर करण्याचा मोह झाला की रंग ओघळतो आणि कोरीव अक्षरं भरून जातात. वेळ निवडताना विदर्भाची हवा ध्यानात घ्या. नवतप्यात बाहेर स्प्रे माराल तर थेंब भागावर पोहोचण्याआधीच अर्धे सुकतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. श्रावणात माराल तर दमटपणाने रंगावर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारी अकरा ते तीन, वारा नसलेला आडोसा, हे सगळ्यांत चांगलं. रंग पक्का करायला भट्टी लागतेच असं नाही, पण मिळाली तर फरक पडतो. एखादा जुना छोटा ओव्हन यासाठीच वेगळा ठेवा, स्वयंपाकाला तो पुन्हा वापरू नका. डब्यावर परवानगी असेल तर ८०-९० अंशांवर तासभर. प्लास्टिक, रबर, काच, स्प्रिंग असं काहीही त्या भागावर नको. ओव्हन नसेल तर दोन आठवडे भाग तसाच ठेवा, जुळणीची घाई करू नका. वरून सुकलेला रंग आतून कच्चा असतो आणि पहिल्याच स्क्रूखाली सोलवटतो.

अक्षरांत पांढरा रंग भरायला मेणाचा खडू पुरतो. अक्षरांवर घासा, वरचं मेण कागदाने पुसा, खाचेत तेवढं उरतं. कॅमेऱ्याच्या आतल्या पोकळीत मात्र चकाकी चालणार नाही. तिथे शाईसारखा निस्तेज काळाच हवा, नाहीतर आत उजेड परावर्तित होऊन फोटो फिके येतात. फिल्मच्या पट्ट्यांवर, दाबपट्टीवर आणि भिंगाची फळी जिथे बसते त्या जागेवर रंगाचा एक थेंबही नको. रंगाची जाडी तिथे फोकसमध्ये चूक म्हणून उतरते. मारण्याआधी त्या जागा चिकटपट्टीने झाका.

चामड्याचं काम मला सगळ्यांत आवडतं. जुना तुकडा अल्कोहोलने भिजवून, ओल्या कडेखाली बांबूची पातळ चीप सरकवत, शक्य तेवढा अखंड काढा. तो चांगला असेल तर तोच परत लावा. फाटला असेल तर त्याच्यावरून कागदाचा नमुना कापा. बकरीचं पातळ चामडं, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं, चप्पल-बॅगा करणाऱ्या कारागिरांकडे मिळतं. जाड घेतलंत तर कडा वर येतात. चामड्याखाली लपलेले स्क्रू असतात, ते आधी कसून घ्या. ते विसरलेला माणूस नवं चामडं पुन्हा उचकटताना दिसतो.

सुट्या भागांसाठी तीन वाटा आहेत. पहिली, त्याच जातीचा बिघडलेला कॅमेरा स्वस्तात घेऊन त्याचे भाग काढणं. पुण्याचा जुना बाजार, मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट, आणि बंद होत चाललेले गावोगावचे स्टुडिओ. स्टुडिओवाल्यांना विचारायला संकोचू नका, त्यांच्या कपाटात एक तरी मेलेला याशिका असतोच. दुसरी वाट, घड्याळजी. आणि तिसरी, लेथ. एखादी कडी किंवा बटणाची टोपी नसेल तर ती करून घेता येते. एमआयडीसीत राहून लेथ चालवणारा ओळखीचा नाही असं होणार नाही.

या तिसऱ्या वाटेवर आपल्या मुलखात फार मोठी माणसं चालून गेली आहेत. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मेस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमाने त्यांना झपाटलं, पण परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी तो स्वतःच घडवायचं ठरवलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूराव, म्हणजे पुढचे बाबूराव पेंटर, यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली लोकांपुढे आला. पडदे रंगवणाऱ्या हातांनी लेथवर दात्यांची चाकं कापली, तीही कोल्हापुरात, शंभर वर्षांपूर्वी. तुम्हाला एक कडी करून घ्यायची आहे! केरळात आलप्पुळ्याला वागीश्वरी नावाचे लाकडी स्टुडिओ कॅमेरे बनत, सागवान, पितळ आणि चामड्याचा भाता, आणि ते देशभर गेले. एखाद्या जुन्या स्टुडिओत तिपाईवर तसा कॅमेरा दिसला तर जवळून पाहा, सांधे कसे बसवलेत ते शिकण्यासारखं आहे. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनेस बुकात नोंद झाली होती. गुरुग्रामला आदित्य आर्य यांनी उभं केलेलं म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय २०१९ पासून खुलं आहे. दिल्लीला जाणं झालं तर एक दिवस तिथे काढा. मूळ रंग, मूळ चामडं कसं होतं हे फोटोंपेक्षा तिथे नीट कळतं.

राहिला रोलचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही, पण विचाराल. १२० चा रोल कोडॅकने १९०१ साली काढला आणि तो आजही बनतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ आता मिळत नाही, पण इल्फर्ड, कोडॅक आणि फोमा यांचे रोल मागवता येतात. कपाटात ठेवायच्या काळासाठी एकच सूचना : चामड्याच्या जुन्या पिशवीत कॅमेरा कोंडू नका. बुरशी तिथूनच येते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी पावसाळ्यात पुरेशी आहे.

याशिका पुरा झाला की १०० आयएसओचा कृष्णधवल रोल घ्या. रोलच्या कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवा, पाठ बंद करा आणि १ येईपर्यंत फिरवा. आपल्याकडच्या लख्ख उन्हात छिद्र १६ आणि वेग एक शंभरांशाच्या आसपास, हा जुना हिशेब चुकत नाही. पहिल्या रोलचे बाराही फोटो तपासणीसाठी खर्चा. प्रत्येकाचं छिद्र, वेग आणि अंतर वहीत लिहा. तीन हातांच्या अंतरावर उभा माणूस, दूरचा खांब, सावलीतला दरवाजा असे वेगवेगळे विषय घ्या. निगेटिव्ह आल्यावर सगळ्या चौकटींवर एकाच जागी काळा पट्टा दिसला तर उजेड पाठीच्या सांध्यातून शिरतो आहे. तिथे काळ्या लोकरीचा धागा खाचेत बसवा. जवळचे फोटो रेखीव आणि दूरचे भुरकट असतील तर पुढच्या फळीचा मेळ चुकला आहे. फक्त हळूवेगाचे फोटो जास्त उजळ आले तर शटर पुन्हा धुवायचं आहे. वहीतली ती नोंद आणि निगेटिव्ह दोन्ही इकडे पाठवा, पुढचं आपण त्यावरून ठरवू. आणि आजोबांच्या रोलचं काय झालं तेही कळवा.